मोकळ्या जागेची बाग करून घ्यायची आहे: महापालिकेत कुठल्या टेबलावर, कुठल्या महिन्यात, काय मागायचं?

जुळेकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातल्या एका लेआउटमध्ये मोकळी जागा आहे, अंदाजे ३० × ४० मीटर. आज तिथे वेड्या बाभळी, बांधकामाचा राडारोडा आणि पावसाळ्यात मधोमध डबकं. रहिवाशांना चालायला ट्रॅक, मुलांना खेळणी आणि ज्येष्ठांना बसायला सावली हवी आहे. सह्यांचं निवेदन झोन ऑफिसला दिलेलं आहे, पोच आहे, पुढे काही नाही. नुसती स्मरणपत्रं देत राहायची की आणखी काही? नगरसेवकांकडे जायचं की थेट आयुक्तांकडे? ज्यांना आतली पद्धत माहीत आहे त्यांनी कृपया नीट, पायरीपायरीने सांगावं.

नकाशावाला

ताई, निवेदनाच्या आधीचा कागद हातात आहे का ते आधी सांगा. जागा कोणाची आहे?

'मोकळी जागा' म्हणजे महापालिकेची जागा असं सगळे धरून चालतात आणि फाईल तिथेच अडकते. मालकी किंवा ताबा कागदावर नसेल तर कनिष्ठ अभियंता कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रकच (एस्टिमेट) करत नाही. खासगी जागेवर पालिकेचा पैसा खर्च झाला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि तो त्याच्या नावावर लागतो. तुमच्या निवेदनावर कोणी 'नाही' म्हटलेलं नसेल, ते नुसतं पडून असेल, त्याचं कारण बहुधा हेच.

चार कागद काढा. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत, मंजुरीपत्रातल्या अटींसकट. तिथूनच भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात ही जागा कशासाठी दाखवली आहे त्याचा कागद. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, आणि सर्व्हे झाला नसेल तर सातबारा. शेवटी भूमी व मालमत्ता विभागातून ही जागा त्यांच्या नोंदवहीत आहे का, ताबा पावती झाली आहे का, याचं लेखी उत्तर.

मंजुरीपत्रातल्या अटी डोळ्यांत तेल घालून वाचा. जुन्या मंजुऱ्यांत पुष्कळदा मोकळी जागा नाममात्र किमतीत हस्तांतरित करण्याची अट असते, ती विकसकाने पाळलेली नसते आणि पालिकेनेही मागितलेली नसते. तसं असेल तर तुमची पहिली मागणी बागेची नाही, ताब्याची. 'मंजुरीपत्रातील अमुक अटीनुसार मोकळ्या जागेचा ताबा घेऊन मिळकत पत्रिकेवर महापालिकेचे नाव लावावे.' हे पत्र नगररचना आणि भूमी व मालमत्ता या दोन्ही विभागांना द्या, झोनला फक्त प्रत.

हद्दवाढ

इथे एक भर. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत बरेच लेआउट ग्रामपंचायतीच्या काळात, बिगरशेतीच्या आदेशाने झालेले आहेत. त्यांची मूळ फाईल महापालिकेत सापडत नाही, ती महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात असते. तिथे एनए आदेशाचा क्रमांक आणि वर्ष देऊन नक्कल मागायची. क्रमांक कोणाच्याही जुन्या खरेदीखतात लिहिलेला असतो.

आणि गुंठेवारी, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्याने विकलेली जागा असेल तर वेगळंच. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित होतो, पण मुळात सोडलेलीच नसलेली मोकळी जागा त्यातून उगवत नाही. तिथे जवळपास विकास आराखड्यात उद्यानाचं किंवा क्रीडांगणाचं आरक्षण आहे का, ते बघणं एवढाच मार्ग.

पेठेतली

आरक्षण असलं तरी ते कायमचं नसतं बरं का. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्या सूचनेपासून २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं टाकली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं. बाग गेली. रहिवाशांना कळतं तेव्हा तिथे पत्रे ठोकलेले असतात.

म्हणून ज्यांच्या भागात आरक्षण आहे त्यांनी वर्षातून एकदा माहिती अधिकारात एवढंच विचारावं: 'आरक्षण क्रमांक अमुकबाबत कलम १२७ ची सूचना प्राप्त झाली आहे काय? असल्यास दिनांक व त्यावरील कार्यवाहीची प्रत.' सूचना आलेली दिसली तर घड्याळ सुरू झालं असं समजा. त्याच आठवड्यात आयुक्तांना आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना पत्र द्या की संपादनाचा प्रस्ताव सभेपुढे आणा. पैसे नसतील तर त्याच कायद्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा घ्यायची तरतूद आहे, पत्रात तिचा उल्लेख करा. 'निधी नाही' एवढ्यावर विषय मिटवता येऊ नये.

जुळेकर

लेआउट मंजूर आहे, महापालिकेच्याच काळातला. अटींची प्रत अर्ज करून मागवते. ताबा झालेला निघाला असं धरलं तर पुढे?

झोनची पायरी

पुढचा रस्ता असा. मागणी झोनला, म्हणजे तुमच्या विभागीय कार्यालयाला. तिथला कनिष्ठ अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो, दर राज्याच्या दरसूचीप्रमाणे. मग तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मान्यता, मग लेखा विभागाचा 'तरतूद आहे' हा शेरा, मग निविदा, गरजेप्रमाणे स्थायी समिती, आणि शेवटी कार्यादेश. यातलं सर्वांत अवघड स्टेशन लेखा विभागाचं. अंदाजपत्रक झालं, मान्यता झाली, पण ज्या लेखाशीर्षात (बजेटमधल्या खात्यात) पैसे हवेत ते रिकामं. मग फाईल 'पुढील आर्थिक वर्षात' असा शेरा घेऊन परत.

म्हणून महिना महत्त्वाचा. पुढच्या वर्षाच्या बजेटचा कच्चा आकडा प्रत्येक विभाग हिवाळ्यात गोळा करतो, जानेवारी-फेब्रुवारीत आयुक्तांचं अंदाजपत्रक तयार होतं, मग ते स्थायी समितीकडे आणि तिथून सर्वसाधारण सभेकडे. तुमची मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आकड्यासकट, झोन आणि उद्यान विभाग दोन्हीकडे पोचलेली हवी. मार्चमध्ये दिलेलं निवेदन त्या वर्षासाठी उशिराचं आणि पुढच्या वर्षासाठी फार लवकरचं. ते विसरलं जातं.

दुसरी गोष्ट, आणि ही फार थोड्या लोकांना ठाऊक असते. महापालिका अधिनियम १९४९ मध्ये गटार, कचरा, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं आहेत, कलम ६३. बागा आणि क्रीडांगणं ऐच्छिक कामांत येतात, कलम ६६. पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री ऐच्छिक कामांना. तेव्हा सगळं एका 'बाग विकसित करा' या वाक्यात कोंबू नका, मागणीचे दोन भाग करा. पहिला भाग: राडारोडा उचलणे, साचणाऱ्या पाण्याचा निचरा, कडेला दिवे. हे बंधनकारक, आजच मागायचं, बजेटची वाट न बघता. दुसरा भाग: ट्रॅक, खेळणी, झाडं. हे बजेटमधून. पहिला भाग झाला की जागा साफ दिसते, अतिक्रमण होत नाही आणि दुसऱ्या भागाचं अंदाजपत्रकही कमी होतं. आरोग्याला धोका होईल अशी घाण-सांडपाण्याची कामं पालिकेला 'पैसे नाहीत' म्हणून टाळता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सांगितलेलं आहे. डबक्याच्या पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख जरूर करा.

पार्कचौक

नगरसेवकांचं काय, हा प्रश्न राहिला. २०१७ पासून आपल्याकडे २६ प्रभाग आणि १०२ सदस्य, बहुतेक प्रभागांत चार-चार. एकाचं पत्र घेऊन गेलात की बाकी तिघांना ते त्याचं काम वाटतं. एकाच पत्रावर चौघांच्या सह्या घ्या, आणि पत्र तुम्ही स्वतः टाइप करून न्या. त्यात 'अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी' हे वाक्य हवंच. पक्ष वेगळे असले तर आधी ज्याचा विरोध होण्याची शक्यता जास्त त्याची सही घ्या, बाकीच्या सोप्या जातात.

सभागृह नसेल तर? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर प्रशासकांचा काळ आलाच होता. तेव्हा स्थायी आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडेच असतात. म्हणजे पायऱ्या कमी, पण तुमच्या बाजूने बोलणारा माणूसही नाही. अशा वेळी अर्ज थेट आयुक्त तथा प्रशासक यांच्या नावे, प्रत नगर अभियंता आणि उद्यान विभागाला.

आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती हेही मार्ग आहेत. खेळणी, ओपन जिम, बाकडी अशा सुट्या वस्तू तिथून लवकर येतात. अट एकच, जागा सार्वजनिक मालकीची हवी आणि पुढची देखभाल कोण करणार याचं पत्र हवं. ते पत्र महापालिकेकडून आधी घ्या. नाहीतर ओपन जिमचे खांब उभे राहतात आणि सहा महिन्यांनी बेअरिंग जाम झाल्यावर ते कोणाचेच नसतात.

काळीमाती

आता अंदाजपत्रकात काय असावं ते लिहितो, कारण सोलापुरातल्या बागा बिघडतात त्या मंजुरीत नाही, एस्टिमेटमध्ये.

पहिली चूक काळ्या मातीवर थेट पेव्हर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. वर बसवलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात आणि सगळ्यांत आधी ठेचकाळतात ते ज्येष्ठ, ज्यांच्यासाठी ट्रॅक मागितला. तुमच्या ३० × ४० च्या जागेत कुंपणापासून थोडं आत, १.८ मीटर रुंद ट्रॅक घेतला तर लांबी साधारण १२५ मीटर आणि क्षेत्रफळ २२५ चौरस मीटर. त्याखालची काळी माती ३५ सें.मी. काढायची, म्हणजे ८० घनमीटरच्या आसपास खोदाई. त्यात मुरूम ३० सें.मी., एकदम न ओतता १५-१५ सें.मी.च्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. दाबलेला मुरूम ६७-६८ घनमीटर लागतो, सुटा मागवताना ८५ धरा. त्यावर ४ सें.मी. ग्रिट आणि ६० मि.मी.चा पेव्हर. ट्रॅक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५ सें.मी. वर येतो, तो तसाच यायला हवा. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, नाहीतर कडेचे ब्लॉक सुटत जातात.

काम चालू असताना मुरमाचा थर हे एकमेव ठिकाण आहे जिथे नंतर काही दिसत नाही. पेव्हर बसायच्या आधी टेप लावून फोटो काढा. मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीत) ३० लिहिलेलं असतं आणि खाली १२ निघतात, असं होऊ द्यायचं नसेल तर त्या दिवशी कोणीतरी जागेवर हवं.

डबक्याचं: आधी लेव्हल घेऊन पाणी कुठे वळवता येतं ते बघा. एका जोराच्या पावसात ५० मि.मी. पडला तर तुमच्या १,२०० चौरस मीटरवर ६० हजार लिटर पाणी येतं. शोषखड्डा काळ्या मातीतच संपला तर तो विहिरीसारखा भरून राहतो. खड्डा खालच्या मुरमापर्यंत गेला पाहिजे, ही ओळ एस्टिमेटमध्ये लिहून घ्या.

खेळण्यांच्या भोवती प्रत्येक बाजूला १.८ मीटर मोकळं, खाली ३० सें.मी. वाळू. खाली पेव्हर किंवा काँक्रीट मुळीच नको. घसरगुंडी पत्र्याची नको, एप्रिल-मेमध्ये पोरांच्या मांड्या भाजतात. फायबरची घ्या आणि उतार उत्तरेकडे ठेवा.

हिरवळ_हवी

काळीमाती दादा, सगळं ट्रॅक आणि मुरूमच झालं की. मधल्या भागात छान लॉन मागता येणार नाही का? बाग म्हटली की हिरवळ हवीच, लहान मुलांना लोळायला.

काळीमाती

मागता येईल, पण मी मागू नका असंच म्हणेन, आणि कळकळीने म्हणतो. आपल्या उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज ५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. मधली ७०० चौरस मीटर हिरवळ म्हणजे रोज ३,५०० लिटर. ज्या शहरात उजनीचं पाणी घराघरात रोज येत नाही, तिथे बागेसाठी टँकर मागणं टिकत नाही आणि मागूही नये. मे महिन्यात लॉन जळतं, जूनमध्ये तिथे गाजरगवत येतं, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणतं की लोकांना बाग सांभाळता येत नाही.

त्याऐवजी ४० झाडं. कडुनिंब, करंज, शिरीष, बहावा, आणि कोपऱ्यात एखादा वड किंवा पिंपळ, तो कुंपणाच्या भिंतीपासून लांब. आठवड्यातून दोनदा प्रत्येकी ३० लिटर धरले तरी सबंध आठवड्याचे २,४०० लिटर होतात. लॉनला ते एका दिवसाला पुरत नाहीत. लोळायला हवं असेल तर सावलीतला १०० चौरस मीटरचा वाळूचा चौक द्या, मुलांना तो जास्त आवडतो.

खड्डे ६० × ६० × ६० सें.मी., एप्रिल-मेमध्ये खोदून तापू द्या. रोपं माणसाच्या उंचीची, वीतभर नकोत. आणि लक्षात ठेवा, आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरचा. जूनमध्ये लावलेलं झाड जुलै-ऑगस्टच्या ओढीत मरतं. ठिबक आणि टाकी पहिल्या दिवसापासून हवी, 'पावसाळा आहे' म्हणून ती गाळू देऊ नका.

पेठेतली

एस्टिमेटमध्ये गाळल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टी: दिव्यांचा वीजमीटर आणि स्वच्छतागृहाची ड्रेनेज जोडणी. खांब उभे राहतात पण महावितरणकडे मीटरचा अर्जच केलेला नसतो. स्वच्छतागृह बांधतात, पाणी आणि जोडणी नसल्याने पहिल्या दिवसापासून कुलूप. जोडणी शक्य नसेल तर स्वच्छतागृह मागूच नका, बंद पडलेलं स्वच्छतागृह दुर्गंधीचं ठिकाण होतं आणि बायका त्या बाजूला फिरकत नाहीत.

रोखठोक

एवढे कागद करत बसण्यापेक्षा झोनच्या दारात पन्नास माणसं बसली की दोन दिवसांत जेसीबी येतो. आपल्याकडे हेच चालतं.

झोनची पायरी

जेसीबी येतो हे खरं, दादा. राडारोडा उचलला जातो, फोटो निघतात. पण तरतूद आंदोलनाने होत नाही, आणि तरतुदीशिवाय ट्रॅक होत नाही. माणसं जमणार असतील तर त्यांचा उपयोग बंधनकारक कामासाठी करा, डबकं, कचरा, बंद दिवे. ते खरोखर दबावाने लवकर होतं. बजेटच्या कामाला मात्र आवक क्रमांक आणि पाठपुरावा लागतो. आंदोलनाच्या दिवशी हातात निवेदनाची पोच असेल तर अधिकारी तारीख लिहून देतो, नसेल तर तोंडी आश्वासन देतो.

माहितीचा_अर्ज

पाठपुराव्याबद्दल, कारण इथे लोक बरंच फुकट घालवतात.

लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या दिवशी, बागेचा विषय नेऊ नका. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी अशी अट आहे. सामूहिक निवेदन तिथे नाकारलं जातं. हां, डबक्याच्या लगतच्या घरात पाणी शिरत असेल तर त्या घरमालकाने स्वतःच्या नावाने तक्रार करावी, ती बसते.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'काम का झाले नाही' असं कधीही विचारू नका. 'का'चं उत्तर माहितीत बसत नाही आणि अर्ज निकाली निघतो. कागद मागा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या निवेदनावरील टिपणीची प्रत व सध्या नस्ती कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचा तपशील.' ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. बऱ्याचदा अर्जाने जे होत नाही ते सुनावणीच्या आदल्या दिवशी होतं, कारण टिपणी नव्याने हलवावी लागते.

काम सुरू झाल्यावर अर्ज बदलतो. मग कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि दोषदायित्व कालावधी किती, एवढं मागायचं. दोषदायित्वाची शेवटची तारीख ट्रॅकवर जाणाऱ्या सगळ्यांना माहीत हवी. ब्लॉक खचले तर त्या तारखेच्या आत लेखी कळवलं की ठेकेदाराने स्वखर्चाने करायचं. एक दिवस उशीर झाला तर नवीन एस्टिमेट.

हद्दवाढ

बाग झाल्यावरची भीती कोणी लिहिली नाही. तिथे समाजमंदिर, व्यायामशाळा किंवा एखादं छोटं देऊळ बांधायची मागणी हमखास येते, आणि ती आपल्याच गल्लीतून येते. भांडण टाळायचं असेल तर नियम आधीच माहीत असावेत.

नकाशावाला

बरोबर. लेआउटच्या मोकळ्या जागेत राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, म्हणजे डिसेंबर २०२० पासूनच्या यूडीसीपीआरप्रमाणे, ठरावीक उपयोगाची जास्तीत जास्त दुमजली इमारत चालते, एकूण बांधकाम १५ टक्के आणि तळमजल्यावर १० टक्क्यांच्या आत. तुमच्या १,२०० चौरस मीटरमध्ये तळमजल्यावर १२० चौरस मीटर. त्याच्यापुढे एक वीटही नाही. वाचनालय किंवा व्यायामशाळा मागणाऱ्यांना हा आकडा दाखवा, तिथल्या तिथे तोडगा निघतो.

सार्वजनिक बागेत, रस्त्यावर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. चौथरा दिसला त्याच दिवशी झोन अधिकाऱ्याला लेखी कळवा, तेही व्यक्ती किंवा देवाचं नाव न घेता, फक्त 'मोकळ्या जागेत अनधिकृत बांधकाम' एवढंच. वर छत चढल्यावर तो विषय कायद्याचा राहत नाही.

आणि आराखड्यातल्या बागेचं आरक्षणच बदलायला निघाले तर कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते, हरकतींना एक महिना. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, ती वाचणारा एक माणूस गल्लीत ठरवून ठेवा. बंगळूरच्या बागेची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला होता, मुद्दप्पा खटला म्हणून तो ओळखला जातो. हरकतीत त्याचा आधार घ्या. हरकत मात्र प्रत्येकाने वेगळी, सहीची, पत्त्यासह द्यायची. एका कागदावरच्या दोनशे सह्या ही एकच हरकत म्हणून मोजली जाऊ शकते.

पार्कचौक

झाडांचंही तसंच. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली तोडीची परवानगी मागितली की झाडावर आणि वर्तमानपत्रात सूचना लागते, हरकतीला ७ दिवस. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीपासून वारसा वृक्ष धरलं जातं. जागा साफ करताना बाभळीबरोबर एखादा जुना निंब जाऊ नये म्हणून आधीच मोजणी करून प्रत्येक झाडाचा फोटो, बुंध्याचा घेर लिहून ठेवा आणि यादी वृक्ष विभागाला देऊन पोच घ्या.

जुळेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. देखभालीचं पत्र कोणी द्यायचं यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. आणि पत्राचा कच्चा मसुदा खाली देते, चुका सांगा.

'विषय: लेआउटमधील मोकळ्या जागेत उद्यान विकसित करणेबाबत. महोदय, सदर जागा विकसित करून नागरिकांना दिलासा द्यावा ही नम्र विनंती. सोबत रहिवाशांच्या सह्या.'

झोनची पायरी

ताई, यात अधिकाऱ्याला करण्यासारखं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तो काही करत नाही. असं लिहा:

'विषय: सर्व्हे क्र. / अंतिम भूखंड क्र. ___ मधील १,२०० चौ.मी. मोकळी जागा: (अ) राडारोडा हटविणे व पाण्याचा निचरा तात्काळ करणे, (ब) पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात उद्यान विकासासाठी स्वतंत्र तरतूद करणे. संदर्भ: १. लेआउट मंजुरीपत्र दिनांक ___ अट क्र. ___. २. आमचे निवेदन, आवक क्र. ___. विनंती की, (१) संबंधित कनिष्ठ अभियंत्यांनी दिनांक ___ पर्यंत संयुक्त स्थळ पाहणी करावी. (२) पाहणीचा अहवाल व अंदाजपत्रकाची रक्कम लेखी कळवावी. (३) सदर रक्कम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात उद्यान लेखाशीर्षाखाली प्रस्तावित करावी.'

सोबत लेआउटची प्रत, मिळकत पत्रिका, जागेचे चार बाजूंचे फोटो, चौघा नगरसेवकांचं पत्र. सह्यांची यादी शेवटी. संयुक्त पाहणी हा शब्द महत्त्वाचा, कारण त्या दिवशी अभियंता तुमच्यासमोर जागा मोजतो आणि काळीमाती यांनी सांगितलेला मुरूम, ठिबक, मीटर तिथेच एस्टिमेटमध्ये घालता येतो. नंतर 'वाढीव काम' म्हणून घालायला गेलात की पुन्हा मान्यता.

पेठेतली

देखभालीचं: रहिवाशांनी पैसे गोळा करून माळी ठेवायची हमी लिहून देऊ नका. वर्गणी पहिल्या वर्षी जमते, तिसऱ्या वर्षी जमत नाही, आणि कागदावर जबाबदारी तुमचीच राहते. निविदेतच तीन वर्षांची देखभाल ठेकेदारावर टाकायला सांगा आणि झाडांची शेवटची रक्कम जगलेल्या झाडांवर बांधा. उदाहरणार्थ, तिसऱ्या वर्षअखेरीस जितकी झाडं उभी तितक्यांचेच पैसे. रहिवाशांनी स्वतःकडे ठेवायचं ते देखरेखीचं काम: पाणी सुरू आहे का, दिवे लागतात का, फाटकाची वेळ. तेवढं पत्र द्या. संस्था नोंदवायची असेल तर किमान सात सभासद आणि धर्मादाय कार्यालयातली नोंदणी लागते, त्यात वेळ जातो, त्यासाठी अर्ज थांबवू नका.

काळीमाती

संयुक्त पाहणीच्या दिवशी पहार आणि टेप घेऊन जा. दोन ठिकाणी हात-दीड हात खणून काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते अभियंत्याला दाखवा, खोली पाहणी अहवालात लिहून घ्या. मुरूम वरच लागला तर खोदाईचा अर्धा खर्च वाचतो, आणि त्या पैशांत टाकी व ठिबक बसतं.

जुळेकर

लेआउटच्या प्रमाणित प्रतीसाठी सोमवारी नगररचनेत अर्ज टाकते. अट क्रमांक मिळाला की मसुदा भरून इथेच टाकेन. नकाशावाला दादा, ताबा पावती निघाली नाही तर तुमच्या पत्राचा नमुना लागेल.

नकाशावाला

देतो. अर्जाबरोबर अभिलेख पाहणीही मागा, सोमवारी दुपारी ३ ते ५. मूळ फाईल समोर आली की आधी मंजुरीपत्राच्या मागची पानं उलटा. ताबा पावती बहुतेक तिथेच टाचलेली असते.